चौथ्या प्रश्नाचं उत्तर

झाशी,
१४ डिसेंबर १९६८

सौ. सावित्रीवहिनींना,
अनुसूयेचा नमस्कार. तुम्ही पाठवलेला गूळ पोचला. दादाचा खोकला कमी झाला का? इकडे थंडी कडाक्याची पडलीय, मानिक चौकातून तुमच्या अंबिकेसाठी स्वेटर आणला. तिची तब्येत उत्तम आहे. सहामाही संपली.

संपली असं लिहिलं खरं, पण लिहायचंय ते त्याबद्दलच.

रसायनाच्या पेपरात चौथा प्रश्न मी मुद्दाम खोडीचा घातला होता. चुन्याच्या निवळीत फुंकलं की ती दुधाळ होते ना, ते समीकरण संतुलित करा. खोडी अशी की ते आधीच संतुलित आहे. दोन्ही बाजूंना कॅल्शियम एक, कार्बन एक, हायड्रोजन दोन, ऑक्सिजन चार. काही घालायलाच नको. वर्गात मी असलं कधी दिलं नव्हतं. समीकरण दिसलं की आकडे घालायचे, एवढंच मुलींना ठाऊक. सगळ्यांनी इमानेइतबारे दोन, तीन, मिळेल तो आकडा घालून ठेवला. एकीनेच लिहिलं, ‘यह पहले से संतुलित है।’ ती आपली अंबिका.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात पाल चुकचुकली. पेपर माझ्या कपाटात, किल्ली देव्हाऱ्याखाली, आणि घरात आम्ही दोघीच. मग काय, सगळंच खटकायला लागलं. परवा ही गुणगुणत का होती? किल्ली उलटी कशी पडली? मी शाळेतून आले की लगेच चहा का पुढे करते? अहो, ती तर पहिल्या दिवसापासून करते!

विचारलं तर म्हणाली, “आत्या, कसम से, मी अलमारीला हात पण नाही लावला.” मी म्हटलं, चोर असंच म्हणतात.

एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. स्टाफरूममध्ये एक बहनजी हसत म्हणाल्या, “भतीजी घर में हो, तो नंबर तो आएँगे ही।” बस्स. दुसऱ्या दिवशी, कुणी विचारायच्या आधीच, मी प्रिन्सिपल बाईंना सांगितलं की अंबिकेने पेपर पाहिलाय. पाहिला असावा, असं नाही म्हटलं. पोरीला वर्गासमोर उभं करून शून्य दिलं. बाई मला म्हणाल्या, “आप जैसी ईमानदार टीचर कहाँ मिलती है।” आणि वहिनी, मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

मग पुरावा हवा म्हणून तिची ट्रंक उपसली. आत एक डबा निघाला, चिंचोके, वाटाणे, हरभरे आणि गव्हाचे दाणे. सोबत वही. चिंचोका म्हणजे ऑक्सिजन, वाटाणा म्हणजे हायड्रोजन, असं पहिल्याच पानावर लिहिलेलं. पुस्तकातलं एकेक समीकरण ती दाणे मांडून मोजत होती. दसऱ्याच्या सुट्टीतल्या पानावर निवळीचंच समीकरण होतं, आणि खाली, ‘दोन्हीकडे सारखंच निघतं. आत्याला विचारायचं.’ पेपर मी नोव्हेंबरात काढला. आणि तिने विचारलंही होतं हो! मी तेव्हा वह्या तपासत होते, नंतर बघू म्हटलं.

आज सकाळी वही घेऊन शाळेत गेले. प्रिन्सिपल बाईंना दाखवली, मग वर्गासमोर सांगितलं की खोटी मी आहे, अंबिका नाही. शून्य रद्द झालं.  घरी येऊन ती कपडे भरायला लागली. “मी आईकडे जाते. मला साइन्स नहीं पढ़ना.”

दादा म्हणेल, बरंच झालं, मुलीच्या जातीला सायन्स कशाला. तुमच्याकडच्या शाळेत मुलींना तो विषयच नाही. एकदा तिथे नाव घातलं की संपलंच सगळं. तिला ठेवून घेऊ नका, वहिनी, पाया पडते. हवं तर माझ्याकडे नका पाठवू. खंडेराव गेटजवळच्या राधाबाई तिला ठेवून घ्यायला तयार आहेत, मी बोलून आलेय. शाळेतही दुसऱ्या तुकडीत बसवा म्हटलंत तर बसवीन.

शेजारचे वामनराव उद्या मऊरानीपुरला निघालेत, त्यांच्या सोबतीने ती येईल. पत्र तिच्याच हाती देतेय, पाकीट चिकटवलेलं नाही. यातलं काही खोटं आहे असं ती म्हणाली, तर तिचंच खरं माना. मला तेवढं जमलं नाही.

तुमची अपराधी,
अनुसूया