आप्पा, मी पिस्तूल घेतलं

आप्पा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगण्यासारखं कितीतरी घडलं, पण कागद घेऊन बसले ती आज. मी पिस्तूल घेतलंय. खरं, लायसनचं, पॉइंट टू-टू बोअरचं, माझ्या स्वतःच्या नावावर. तुमच्या कपाळावर ती उभी आठी आली असणार. आधी सगळं ऐकून घ्या, मग रागवा.

तुम्ही जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात आर्मरर होतात, हत्यारांची देखभाल करायचात. शेकडो रायफली तुमच्या हाताखालून गेल्या, चांदमारीवर उभं राहून राहून डावा कान गेला, पण घरात तुम्ही साधी छऱ्याची बंदूकही कधी येऊ दिली नाहीत. मी तिसरीत होते तेव्हा दिवाळीत मामाने मला टिकल्यांचं पिस्तूल दिलं आणि मी ते स्वयंपाकघरात आईच्या पाठीवर रोखलं. आई चकल्या तळत होती, तिला पत्ताही नव्हता. तुम्ही दारातून पाहिलंत. ओरडला नाहीत. पिस्तूल काढून घेऊन माळ्यावर टाकलंत आणि दुसऱ्या दिवशी मला सायकलच्या दांडीवर बसवून कामावर नेलंत. लांब टेबलावर एक थ्री-नॉट-थ्री रायफल उघडून ठेवलेली आहे. तुम्ही तिच्या नळीतून दोरी ओवता, दोरीच्या टोकाला तेल लावलेली चिंधी, आणि दुसरं टोक माझ्या हातात देता. मी ओढते. चिंधी काळी निघते. ‘पुन्हा,’ तुम्ही म्हणता. कितीदा ओढली कोण जाणे, शेवटी ती पांढरी निघते. मग तुम्ही विचारता, ‘काल कुणावर रोखलं होतंस?’ ‘आईवर.’ ‘का?’ मला सांगता येत नाही. ‘सांगता येत नसेल तर हात लावायचा नाही,’ तुम्ही म्हणालात, आणि परत कधी त्यावर बोलला नाहीत.

आता मला सांगता येतं. निदान येतं असं मला वाटत होतं.

मी जर्मनीत वोल्फ्सबुर्गमध्ये असते. गाड्यांच्या कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या घेते. तुमचे जावई दक्षिणेला बॉबलिंगेनला नोकरी करतात, रविवारी दुपारी जातात, शुक्रवारी संध्याकाळी येतात. मी त्याला अरे-तुरे करते, ते तेवढं चालवून घ्या. तुमची नात अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबर, दुपारचे तीन. ती शाळेतून आली तर बागेकडचं काचेचं दार उघडं. तिला वाटलं मी लवकर आले. तिने ‘मामा?’ म्हणून हाक मारली. इथली मुलं आईला मामा म्हणतात, तुम्हाला हसू आलं असतं. वरच्या मजल्यावर कुणाची तरी पावलं वाजली, जिन्यावरून दोन माणसं धावत खाली आली आणि तिच्या शेजारून बाहेर पडली. एकाचा तिला धक्का लागला. मी पोचले तेव्हा ती शेजाऱ्यांच्या पायरीवर दप्तर पाठीवर तसंच ठेवून बसली होती. आईच्या पाटल्या गेल्या, लॅपटॉप गेला, ते सगळं सोडा. त्या रात्रीपासून ती माझ्या खोलीत झोपायला लागली.

मी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘अगं, घरात पोरगी आहे आणि तू पिस्तूल आणणार? आपण काय जंगलात राहतो?’ मी म्हटलं, ‘आपण नाही, आम्ही दोघी राहतो.’ हे मी त्याला लागावं म्हणूनच बोलले.

गावाबाहेर एक नेमबाजांचा फेराइन आहे, म्हणजे क्लब. विटांची बैठी इमारत, आत बिअर आणि बुटांचा वास, भिंतीवर रंगवलेल्या लाकडी तबकड्या. नव्या लोकांना शिकवायला साठी उलटलेल्या एक बाई होत्या. चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेल्या, मनगटं तुमच्यासारखी. त्यांनी विचारलं, ‘वारूम? का हवंय?’ मी चोरीची सगळी हकिकत सांगितली आणि म्हटलं, घराच्या रक्षणासाठी.

‘आल्झो, असं आहे तर,’ त्या म्हणाल्या, ‘मग तू चुकीच्या दारात आलीस. त्या कारणासाठी तुला इथे कुणी परवाना देणार नाही. खेळासाठी देतील. वर्षभर नेमाने यायचं, परीक्षा द्यायची, मग अर्ज. आणि पिस्तूल घरी राहणार ते रिकामं, तिजोरीत, कुलपात. चोर आला तर त्याला काय सांगणार, बसा, कॉफी घ्या, मी कुलूप उघडते?’

मला राग आला, आणि हसूही आलं. त्याच आठवड्यात मी बागेच्या दाराला दुहेरी कडी आणि खिडक्यांना लोखंडी अडसर बसवून घेतले. तिथे विषय संपायला हवा होता. पण पुढच्या गुरुवारी मी पुन्हा क्लबात गेले. आदल्या गुरुवारी त्यांनी मला दहा गोळ्या झाडू दिल्या होत्या, आणि त्या दहा गोळ्यांच्या वेळात मी कशालाच घाबरले नव्हते. शिवाय तो तेलाचा वास, आप्पा. तुमच्या खाकी शर्टाला यायचा तोच.

पहिलं पिस्तूल निवडायला मला चौदा महिने लागले, आणि सांगते, त्यातला एकही महिना वाया गेला नाही. क्लबातली सगळी हत्यारं मी हाताळली. सुरुवातीला मला नाइन एमएमच हवं होतं. मोठं, काळं, ज्याच्याकडे बघूनच माणूस मागे सरेल. एका गुरुवारी बाईंनी माझं गोळ्यांचं मॅगझिन माझ्याकडे पाठ करून भरलं आणि हातात दिलं. तिसऱ्या वेळी नुसतं ‘टक’ झालं, गोळी सुटलीच नाही, आणि पिस्तुलाचं तोंड मात्र सणकन खाली गेलं. मीच खाली ढकललं होतं, धक्का बसायच्या आधीच. त्यांनी मध्ये एक खोटं काडतूस घातलं होतं. ‘बघितलंस?’ त्या म्हणाल्या. ‘ही तुझी भीती. एरवी आवाजात झाकली जाते.’ कारखान्यात वीस माणसांना कामाला लावणारी मी, कान लाल करून उभी होते.

त्यानंतर मी ब्रेकचा पार्ट निवडते तसं पिस्तूल निवडायला घेतलं. माझा हात लहान आहे, तुमच्यासारखा रुंद तळवा आणि आखूड बोटं. कागदावर हात ठेवून त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली. पिस्तूल मुठीत धरल्यावर नळी मनगटाच्या सरळ रेषेत यायला हवी आणि पहिल्या बोटाचं पेर, नुसतं पेर, घोड्यावर पोचायला हवं. नाइन एमएमवर मला त्यासाठी मूठ फिरवावी लागत होती. नळीवरची सरकती स्लाइड दुसऱ्याच्या मदतीशिवाय, शंभराव्या वेळीही, ओढता यायला हवी. चाळिशीच्या चष्म्यातून पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, स्पष्ट दिसायला हवी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कंटाळा न येता, खांदा न दुखता, दर आठवड्याला झाडता यायला हवं. जे कपाटात पडून राहतं ते पिस्तूल आपलं कधी होतच नाही. क्लबातले दोघेतिघे म्हणाले, पॉइंट टू-टू म्हणजे पोरांचं. मी म्हटलं, असू दे. त्याला अक्रोडाच्या लाकडाची मूठ, कानशीने घासून माझ्या तळव्याला बसवलेली. ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला दुसरं काही बघावंसं वाटलं नाही. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगीन, नवीन माणसाने लहान बोअरपासून सुरुवात करावी. या बाबतीत माझी चूक झालेली नाही. तुम्हीही हेच निवडलं असतंत.

माझी चूक दुसरीकडे झाली.

तिजोरी आणली, नियमाप्रमाणे जाड पत्र्याची, भिंतीला बोल्ट मारून बसवलेली, आकड्यांच्या कुलपाची. आकडा काय ठेवायचा? सुचला तो ठेवला. एका रविवारी, तो बॉबलिंगेनला निघाल्यावर, मी जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून पिस्तूल साफ करत होते. लेक समोर बसून गृहपाठ करत होती. तेव्हा ती बारा वर्षांची होती. मान वर न करता ती जर्मनमध्ये म्हणाली, ‘मामा, कोड बदल. माझा वाढदिवस आहे तो. कुणालाही कळेल.’

‘तुला कसं कळलं?’

‘मी उघडून बघितली.’

मी मराठीत विचारत होते, ती जर्मनमध्ये उत्तर देत होती. तिने सांगितलं, मंगळवारी दुपारी हीटरचं मीटर वाचायला माणूस आला होता. बेल वाजवून दार उघडलं नाही म्हणून त्याने बागेकडे जाऊन काचेवर टकटक केली. ती घाबरून वर गेली आणि तिने तिजोरी उघडली.

‘हात लावलास?’

‘एकदाच. थंड होतं.’ मग म्हणाली, ‘तू पण भीती वाटली म्हणूनच आणलंस ना?’

अर्जावर मी खेळ लिहिलं होतं. क्लबात सगळ्यांना खेळ सांगत होते, आणि तो खोटाही नव्हता. पण घरातल्या पोरीने बरोबर ओळखलं होतं. मी तिला मारलं नाही, ओरडलेही नाही. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी मिळून पिस्तूल साफ केलं. नंतर तिच्यासमोरच कुलूप लावलं आणि आकडा बदलला, तो मात्र तिला खोलीबाहेर पाठवून.

सोमवारी कामावरून थेट बाईंच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. ‘आत्ता जा आणि घेऊन ये,’ म्हणाल्या. ‘चार आठवडे ते माझ्या तिजोरीत राहील, तेवढं कायद्यात बसतं. आकडा बदललास, चांगलं केलंस. पण मुलीची दुपार कधी बदलणार? एक वर्षापेक्षा जास्त झालं, ती रोज तीन वाजता त्याच दारातून एकटी आत येते.’

आप्पा, चौदा महिने मी माशी आणि मूठ आणि घोडा बघत होते, आणि हे मला दिसलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून मी तास कमी करून घेतले. साहेब कुरकुरला. मी म्हटलं, गेनाऊ, बरोबर आहे, तुमची अडचण मला कळते, पण मी अडीचला निघणार. आता तीन वाजता दार मी उघडते. तीन आठवड्यांत लेक आपल्या खोलीत झोपायला लागली.

ती आता तेरा वर्षांची आहे. दर गुरुवारी माझ्याबरोबर क्लबात येते, बाईंच्या हाताखाली हवेच्या पिस्तुलाने नेम धरते. घाई करत नाही, श्वास सोडते, थांबते, आणि जमत नसेल तर हात खाली घेते. हात खाली घेता येणं सगळ्यात कठीण असतं, ते तिला माझ्याआधी आलं. बाई म्हणतात, ही पुढे जाईल. माझं पिस्तूल परत माझ्या तिजोरीत आहे, रिकामं, स्वच्छ. मला त्याचा अभिमान आहे, हे मी तुमच्यासमोरही मान वर करून सांगते.

आज शुक्रवार. तासाभरात तो येईल, बॅग दारात ठेवेल, विचारेल आठवडा कसा गेला. तास का कमी केले हे विचारल्यावर मी त्याला सांगितलं होतं की कामाचा ताण होतो. लेकीने तिजोरी उघडली होती, हे त्याला अजून माहीत नाही. तिलाही मी सांगितलंय की बाबाला आपण सावकाश सांगू. तुमचा पत्ता नाही म्हणून हे पत्र कुठे जाणार नाही, हे ठाऊक असूनच मी इतकं मोकळेपणाने लिहू शकले. लिहायचं होतं ते त्याला.