पाळीवरचा झिंगू

तीर्थरूप उमाजी मामांना भाचा प्रफुलचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमची साखर उतरली का, आणि मामी ती मोजते की नुसतीच रागावते? इकडे सगळे ठीक (आईचा गुडघा सोडून, तो माझ्या जन्माआधीपासून दुखतो). फोनवर बोललो असतो, पण घरात फोन एकच आणि तो रोशनीच्या हातात, म्हणून कागद काळा करतो आहे. भद्रावतीला ट्रकवरची नोकरी तुम्ही चार जणांच्या हातापाया पडून मिळवून दिलीत आणि येत्या सोमवारी मला हजर व्हायचं आहे, हे मी विसरलेलो नाही. रोशनी आठ दिवसांपासून सामान बांधून बसली आहे. पोरीला, करिष्माला, तिथल्या शाळेत घालायचं तिनं पक्कं केलंय. पण मध्ये एक भानगड झाली, आणि तिला कारण माझं तोंड.

फेब्रुवारीत नागपूरहून उर्वशी मॅडम आल्या. समाजशास्त्राच्या. आम्हा ढीवरांची संस्कृती अभ्यासायला. मला वाटलं, दंडार नाहीतर गाणी हवी असतील. तर म्हणाल्या, नाचगाणं नंतर; लोक रोज सवयीनं जे करतात, ज्याचं कारण कोणी विचारत नाही आणि मोडलं की मात्र शेजारी विचारायला येतात, ते मला सांगा. मामा, मी डोकं खाजवलं. जाळं टाकतो, मासे काढतो, बाजारात नेतो. वही कोरी राहू लागली तसा त्यांचा चेहरा उतरला, आणि गावाची अब्रू राखायला मी बोलून गेलो की भर दुपारी आम्ही पहिला मासा तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या दगडावर, झिंगूसाठी ठेवतो. झिंगू कोण? जाळ्यासकट तलावात गेला तो पहिला ढीवर. मासा ठेवतं कोण? आमचं घर (इथं फुशारकी नडली). आणि नाही ठेवला तर? हा प्रश्न मॅडमनी इतक्या सहज विचारला की माझ्याही तोंडून सहज निघालं, मग तो स्वतः मागायला येतो.

मॅडम म्हणाल्या, पडताळून बघते. मी घाबरलो, आता थाप उघडी पडणार. त्या गावातल्या इतवारी बुढ्याकडे गेल्या, सुकरीबाईकडे गेल्या, मग आमच्या आईकडे. वेगळ्या दिवशी, वेगळ्या घरी. तिघांनीही झिंगू सांगितला. डावखुरा होता, उजवा पाय ओढत चालायचा. हे हातापायाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मामा. आई तांदूळ पाखडत होती, तिला विचारलं, "तुले कोणं सांगतलं?" ती म्हणाली, "सांगाले काऊन पायजे? लहानपणी पाह्यलो नाई का आमी, पाळीवरून पाय घासत जाये तो." (आईचं माहेर माजरी. लहानपणी तिनं कोळशाशिवाय काय पाहिलं, ते तुम्हालाच ठाऊक.)

मी मॅडमना कबूल करून टाकलं की झिंगू माझ्या डोक्यातला आहे. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं, 'मानकरी घर परक्यांसमोर झिंगूला नाकारतं, हीसुद्धा रीतच.' मग मूलला जाणाऱ्या बसनं निघून गेल्या.

दुसऱ्या दुपारी इतवारी बुढा दारात. "मासा ठेवला काय, प्रफुल?" तेव्हापासून रोज ठेवतो. बारा वाजले की धुणं आपटायचं थांबतं, पोरं गप्प होतात, सगळे माझ्याकडे बघतात. मासा ठेवून मागं न बघता परतायचं असतं (हेही मी सांगितलं नव्हतं). नंतर जाऊन बघावं तर दगडावर फक्त खवले, एका बाजूला नीट सारलेले. मांजर इतकं टापटीप असतं का? एकदा मी मुद्दाम मासा ठेवला नाही. काही झालं नाही. फक्त भर उन्हात आमच्या कुडाबाहेर काहीतरी घासत गेलं. रोशनी म्हणाली, म्हैस असेल. आमच्या आळीत म्हैस नाही.

आता गाव म्हणतं, मानकऱ्यानं गाव सोडायचं नाही. प्रफुल गेला तर झिंगू घरोघर मागत फिरेल. रोशनी रडून रडून बेजार झाली आहे. माझा यातल्या कशावरही काडीचा विश्वास नाही. म्हणून रविवारी गाडी घेऊन या, चार शब्द सुनवा आणि आम्हाला घेऊन जा.

तुमचाच,
प्रफुल

ता. क. मॅडमनी छापलेल्या पानाचा फोटो पाठवलाय. त्यात माझा फोटो, खाली माझं नाव, 'झिंगूचा मानकरी'. नाक मात्र बरं आलंय.

ता. क. (पाकीट उघडून) गाडी आणाच, पण रोशनी आणि करिष्मासाठी. त्यांना तुमच्याकडे ठेवून घ्या. नोकरी दुसऱ्या कुणाला द्या. आज सगळं गाव सिंदेवाहीला लग्नाला गेलं होतं. आमच्या घरचेही. पाळीवर चिटपाखरू नव्हतं, विचारणारं कोणी नव्हतं. बारा वाजले आणि मी मासा घेऊन गेलो, ठेवला, मागं न बघता परतलो. रोशनीला हे सांगायची माझी हिंमत नाही. तुम्ही सांगा.