श्रीनिवासचा काउबॉय

मी, ज्ञानेश्वर वामन टिल्लू, वय वर्षे अडुसष्ट, बँकेतून निवृत्त, राहणार पासिर रिस, सिंगापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात; सविताचं मत वेगळं आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. अंमलबजावणी मुलगी निहारिका हिने करावी.

१. राहता फ्लॅट आणि बँकेत असेल ते सगळं पत्नी सविता हिला. माझी पुस्तकं तिने खुशाल रद्दीत द्यावीत, वीस वर्षं तेच म्हणते आहे.

२. हत्यारांची पेटी जावई अमेय याला. नेलेला स्क्रूड्रायव्हर परत जागेवर ठेवायचा असतो, एवढं त्याने शिकावं.

३. आता मुख्य. प्रोजेक्टर आणि काउबॉयच्या जुन्या विनोदी मूकपटांची अकरा रिळं. दर गणपतीत आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत चादर बांधून मी ती लावायचो, आणि माझा मित्र श्रीनिवास उपासनी माइक घेऊन त्या ढेरपोट्या काउबॉयला मराठीत बोलतं करायचा. काउबॉय घोड्यावर उलटा बसला की श्रीनिवास ओरडायचा, "अरे घोड्या, तोंड तिकडे कुठे केलंस!" पोरं लोळायची. मराठीचा गंध नसलेले शेजारचे मिस्टर तानसुद्धा डोळे पुसायचे. लोक म्हणायचे, "चला, श्रीनिवासचा काउबॉय बघायला." रिळं माझी, प्रोजेक्टर माझा, आणि काउबॉय म्हणे श्रीनिवासचा! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

सतरा वर्षांपूर्वी मी त्याला सांगितलं, "सगळ्यांचं मत पडलं, पोरांना मराठी कळत नाही. यंदा नुसतं संगीत लावू." हे धादांत खोटं होतं. मी कुणालाही विचारलं नव्हतं. तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा कधी आला नाही. त्या वर्षी कुणीच हसलं नाही. शाळकरी निहारिका इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, सो बोरिंग लाह." तरीही मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते मला.

४. म्हणून रिळं श्रीनिवासला, असं मी पहिल्या मसुद्यात कबुलीसकट लिहिलं होतं. ते वाचून सविता म्हणाली, "मेल्यावर माफी मागणार? कमाल आहे तुमची! तो आधी गेला तर?" गेल्या रविवारी पुंगोलला त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्याचा आवाज गेला आहे. मला पत्ताही नव्हता. त्याने वहीत लिहिलं, "रिळं नकोत." मी त्याच्यासमोर रडलो. मग त्याने पुन्हा लिहिलं, "साक्षीदार मिळाले का?" ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याला इथे साक्षीदार होता येत नाही. श्रीनिवासला आता माझ्याकडून काहीच मिळत नाही, तेव्हा तो चालतो.

५. प्रोजेक्टर आणि रिळं निहारिकेला. संगीत लावायचं नाही. कुणीतरी मराठीत बोलायचं, मोडकंतोडकं चालेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

ज्ञानेश्वर वामन टिल्लू
पासिर रिस, सिंगापूर
१८ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:

१. अनघा पेठे, शेजारी. काकांनी आम्हा दोघांसमोर सही केली.

२. श्रीनिवास उपासनी. सही माझ्यासमोर केली, हे खरं. माफ केलेलं नाही.