पहाटे पाचची प्रार्थना

छत्रीबाग, इंदूर
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५, दुपारी सव्वादोन. दुकानात चष्म्यांच्या काचा पुसत होतो, गिऱ्हाईक नाही म्हणून लिहायला बसलो.

आदरणीय नानांना भूषणचा प्रभूमध्ये सलाम.

अरुंधतीकाकू आता जिना चढतात असं आई म्हणाली. ऐकून फार बरं वाटलं. आईचा गुडघा दुखतो, बाकी घरी ठीक.

तुमचं सुदामा नगर इथून लांब नाही, तरी पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुमच्यासमोर आलो की माझ्या तोंडून "हो नाना" एवढंच निघतं. मागच्या आठवड्यात दोनदा सांगायला आलो आणि तसाच परतलो.

रविवारी उपासनेत तुम्ही साक्ष देणार आहात. "ऑपरेशनपासून या पोराने रोज पहाटे पाचला गुडघे टेकले, शुक्रवारी उपास धरला, म्हणून माझी बायको घरी आली," असं सगळ्या मंडळीपुढे सांगणार. मग पाळकसाहेब मला तरुणांच्या प्रार्थनागटाचा पुढारी नेमणार.

नाना, ते सांगू नका. कालपर्यंत मी एकदाही उठलो नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही दवाखान्यातून फोन केलात, "प्रार्थना करशील ना रे?" मी हो म्हटलं, आणि करणारही होतो. दुसऱ्या दिवशी विचारलंत, "केलीस?" नाही म्हणायची लाज वाटली. "केली, पहाटे पाचला." वेळ सांगितली की खरं वाटतं, म्हणून सांगितली. उपासाचं बोललो तेव्हा तर हातात पोह्यांची प्लेट होती. दुकानात माझ्यासोबत काम करणारा यतीन शेजारीच होता. हसून म्हणाला, "वा भिया! उपास में सेव जरा ज्यादा डलवा ले!"

सांगून टाकू का, असं काल त्यालाच विचारलं. "रहने दे यार. काकू बऱ्या झाल्या ना? कोणाचं काय बिघडलं?" आईही तेच म्हणाली.

मलाही पटलं असतं. पण परवा काकूंनी जवळ बसवून सांगितलं, "रात्री छातीत धडधडायचं रे. मग म्हणायची, पाच वाजू देत, पाचला भूषण उठेल." त्या जाग्या होत्या आणि मी झोपलेलो होतो. तरी मी मान डोलावली, नाना.

आता ठरवलंय. कुणी प्रार्थना कर म्हटलं तर "करीन" म्हणायचं नाही. तिथेच उभ्याउभ्या करायची, नाहीतर जमणार नाही म्हणायचं. काल आपल्या मंडळीतल्या निशिगंधाताई सराफ्यात भेटल्या, मुलाच्या परीक्षेसाठी प्रार्थना कर म्हणाल्या. मी तिथेच डोळे मिटले. "अरे, इथे? लोग देख रहे हैं!" ताई म्हणाल्या. माझे कान तापले, पण केली. आज पहाटे काकूंसाठीही उठलो. दोन मिनिटं केली, मग झोप लागली. झालं तेवढंच लिहितोय.

साक्ष जरूर द्या. प्रभूने काकूंना घरी आणलं हे खरंच आहे. फक्त माझं नाव घेऊ नका. घेतलंत तर मी बाकावरून उठून "हे खरं नाही" म्हणेन.

काकूंना हे पत्र वाचून दाखवू नका. शनिवारी संध्याकाळी मी येतो आणि त्यांच्यासमोर बसून मीच सांगतो. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं तरी सांगणार.

जसा आहे तसा, तुमचा
भूषण