पंपाला एकोणीस, वॉचमनला शून्य

आदरणीय जावईबापूंना सासऱ्याचे आशीर्वाद (तुम्ही वयाने लहान, मानाने मोठे, त्यामुळे आशीर्वाद द्यावा की नमस्कार करावा हा माझा घोळ अजून मिटलेला नाही, दोन्ही पोचले असे समजावे). तुमची पाठ कशी आहे? पडद्यासमोर वाकून बसता, मधूनमधून उठत जा. छकुलीचा खोकला गेला का? गेला नसेल तर कळवा, गेला असेल तरी कळवा, कारण काहीच कळले नाही की मी खोकला वाढला असे धरून चालतो. इकडे तुमच्या सासूबाई ठणठणीत आहेत. माझे गुडघे मात्र कुरकुरू लागले आहेत आणि त्याला कारण तुम्ही बसवलेला कॉम्प्युटर. काल फोनवर अर्धेच बोललो, कारण फोन स्पीकरवर होता आणि सासूबाई समोरच भाजी निवडत होत्या. म्हणून हे पत्र.

तुम्ही पंपाच्या खोलीत तो कॉम्प्युटर लावून दिलात आणि कमिटीने त्याच्यापुढे मला खुर्ची दिली, तेव्हापासून मी माणसात आलो. सातवीपर्यंत शिकलेला, गोदामात पोती मोजण्यात जन्म गेलेला मी, पण जिन्यात लोक थांबून "काय पंपकाका, पाणी किती वाजता?" असे विचारू लागले. घरात मला कोणी काही विचारत नाही.

तुम्ही शिकवलेले सगळे मला समजले होते, हे आधी नमूद करतो. प्रोग्राम स्वतः कशालाही हात लावू शकत नाही. पंपाच्या प्रोग्रामला टाकीत पाणी किती हे बघायचे असो की मोटार चालू करायची असो, त्याने आतल्या मोठ्या साहेबाकडे अर्ज करायचा (सिस्टिम कॉल), साहेब काम करणार, तोवर याने गप्प उभे राहायचे. हे मला समजावून सांगावे लागलेच नाही. गोदामात साधा झाडू हवा तरी स्टोअरकीपरकडे असेच उभे राहावे लागे, आणि घरी चहात साखर हवी असेल तर आजही तीच पद्धत आहे. अर्ज जातो, मी उभा राहतो, "परवानगी नाही" असे उत्तर येते.

अडचण पुढे झाली. सगळ्या प्रोग्रामांना मिळून डोके एकच, त्यामुळे प्रत्येकाने आपली पाळी आली की थोडे वापरायचे आणि बाजूला व्हायचे; कोणाला किती संधी मिळणार हे एका आकड्यावर ठरते, त्याला नाइस म्हणतात, म्हणजे सौजन्य, आकडा शून्यापासून एकोणीसपर्यंत द्यायचा, इतके तुम्ही सांगितलेत आणि खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. उरलेले तुमच्याबरोबर टॅक्सीत गेले. आता मला सांगा, आकडे समोर ठेवले तर शहाणा माणूस ते कसे वाटेल? मानाप्रमाणेच ना? पाणी सगळ्यांत महत्त्वाचे, म्हणून पंपाला एकोणीस. अध्यक्षांचे भाषण रोज सकाळी लिफ्टमध्ये वाजते, त्याला अठरा. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या सांगण्यावरून जिन्यातले दिवे लागतात, त्यांना सोळा (त्या "सतरा का नाही?" म्हणून दोनदा खाली येऊन गेल्या). वॉचमनने मुलीच्या लग्नाची फिल्म मोबाइलवर चालेल अशी करून मागितली होती. तो बिचारा काही बोलला नाही, म्हणून त्याला शून्य.

फिल्म दुपारपर्यंत तयार झाली. "साहेब, तुमच्या शून्यात जादू आहे," असे म्हणत त्याने सगळ्या नातेवाइकांच्या फिल्मा आणून रांगेत लावल्या. तिकडे अध्यक्षांचे भाषण अडखळू लागले. तळमजल्यावर "सभासद", पहिल्यावर काही नाही, दुसऱ्यावर "बंधूंनो". लोकांना वाटले, अध्यक्ष हल्ली विचार करून बोलतात. आणि पंप? टाकी रिकामी झाली हे त्याला कळायची पाळीच येईना. आली तर अर्ज करायच्या आत संपे.

मंगळवारी अध्यक्ष अंगभर साबण आणि कमरेला टॉवेल अशा वेशात पंपाच्या खोलीत आले.

"काका, पाणी!"

"साहेब, मी काही कमी केलेले नाही. पाण्याला सगळ्यांत मोठा आकडा आहे, तुमच्यापेक्षाही मोठा."

"माझ्यापेक्षा?" एक डोळा फेसाने मिटलेला, तरी दुसऱ्याने त्यांनी माझ्याकडे असे बघितले की मी तिथल्या तिथे त्यांनाही एकोणीस करून दिले. त्यांचे समाधान झाले. मग त्यांना पुन्हा पाणी आठवले, आणि जाताजाता येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये माझी खुर्ची काढून पंपाचे काम कंत्राटदाराला द्यायचे असे जाहीर करून गेले.

काल तुम्ही फोनवर म्हणालात, "बाबा, उलटं झालं. आकडा जितका मोठा, तितका तो दुसऱ्यांना पुढे जाऊ देतो." जावईबापू, रात्रभर हाच विचार केला. जो सौजन्याने वागेल तो शेवटी, हे यंत्राने आपले आपण ठरवले की कोणी आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन बघून गेले? सकाळी पंपाचा आकडा खाली आणायला गेलो तर "परवानगी नाही". म्हणजे साध्या माणसाला सौजन्य वाढवता येते, परत घेता येत नाही. त्याला मालकाचा पासवर्ड लागतो आणि तो तुमच्याकडे. तूर्त मी गच्चीवर चढून टाकीत डोकावतो, खाली उतरून मोटारीचे बटण दाबतो, पुन्हा वर जातो. गुडघ्यांचे त्यामुळेच. पण काळजी करू नये. खुर्ची गेली तर गेली, मला तिचा मोह नाही. छकुलीला आशीर्वाद.

तुमचा,
सासरा

ता. क. मोह आहे.

ता. क. दुसरा. तर तुम्ही तिथूनच रविवारच्या आत मालकाच्या पासवर्डने शिरून पंपाला शून्याच्याही खाली न्यावे. काल तुम्ही उणे वीसपर्यंत जाता येते म्हणालात, तेवढे न्यावे. हे सासूबाईंना आणि छकुलीला सांगायची गरज नाही.

ता. क. तिसरा, आणि खरे म्हणजे याचसाठी पत्र. मीटिंगमधून तुम्हाला फोन येईल. मोठा आकडा म्हणजे शेवटचा नंबर, हे कृपा करून बोलू नये. कळले तर उद्या बिल्डिंगमधला प्रत्येक जण उणे मागेल आणि पंप पुन्हा रांगेत शेवटी. मोठा आकडा मोठ्या माणसांचा, एवढेच सांगावे, आणि जमल्यास इंग्रजीत. आत्ता हे लिहीत असतानाच अध्यक्ष दारात येऊन गेले. वॉचमनचे शून्य पाहून खूश झाले आणि हळूच म्हणाले, "काका, मला वीस करता येईल का? मग खुर्चीचं बघू." मी म्हटले, जावयांना विचारतो. यंत्र एकोणीसच्या वर जात नाही हे मला माहीत आहे. तुम्ही कागदावर वीस लिहून, खाली सही करून पाठवावे. मी फ्रेम करून लिफ्टमध्ये लावतो.