ऑइल चांगलं आहे

वस्ताद,

भर दुपारी गॅरेजचं शटर अर्धं ओढून तुम्हाला लिहायला बसलो आहे. हात तीनदा साबणाने धुतले, तरी बोटांना करपट वास येतोय असं वाटतं. ऑइलचा असेल, नाहीतर माझाच असेल. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली, आणि या वासाबद्दल ज्याला सांगावं असा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी तिशीचा होतो, रिक्षा विकून आलेला, स्वतःला फार शहाणा समजणारा. कसब्यातल्या तुमच्या गल्लीत मोठी गाडी शिरायची नाही, म्हणून आपणच पान्यांची पिशवी घेऊन चालत गाडीकडे जायचो. ऑटोमॅटिक गिअरची परदेशी गाडी असली की तुमची चाल बदलायची. इंजिन गरम करून चालू ठेवायचं, गिअरचं ऑइल मोजायची काठी ओढायची, टिपकागदावर थेंब सोडायचा आणि तो पसरेपर्यंत थांबायचं. लाल म्हणजे ठीक. विटकरी म्हणजे वय झालं. फालुद्यासारखं गुलाबी दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं. आणि काळं होऊन करपलेल्या पावाचा वास आला, तर आतल्या क्लच प्लेटा जळाल्या. मग तो कागद तुम्ही मालकाच्या नाकाशी धरता, बंगलेवाला तोंड वाकडं करतो, आणि तुम्ही शांतपणे म्हणता, "गाडी तुमची आहे साहेब, वासही तुम्हीच घ्या."

एकदा विकायला काढलेल्या गाडीत मी आदल्या दिवशीच नवं ऑइल भरलं होतं. घेणाऱ्याने विचारलं, तर मी ऐटीत सांगितलं, ऑइल चांगलं आहे. परत येताना तुम्ही भर रस्त्यात थांबलात. "म्हाताऱ्याला नवी कवळी बसवलीस आणि लोकांना सांगतोस दात चांगले आहेत?" मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाहीत.

आता बिबवेवाडीत माझं स्वतःचं गॅरेज आहे, दोन लिफ्ट आहेत, आणि गाडी आत येतानाच तिचं दुखणं कानाने ओळखतो अशी ख्याती आहे. गेल्या आठवड्यात कोथरूडचे एक जुने गिऱ्हाईक आले. सोळा वर्षांची आलिशान गाडी, आत अजून चामड्याचा वास. असल्या गाड्यांना ती काठीच नसते. ऑइल आयुष्यभर पुरेल असं कंपनी सांगते. कोणाच्या आयुष्यभर, ते सांगत नाही. लिफ्टवर घेऊन खालचा बोल्ट सैल केला, तर उकळून उकळून आटलेल्या काढ्यासारखं काळं बाहेर आलं. बोटांत चोळलं तर चमचमणारी भुकटी. साहेबांना स्पष्ट सांगितलं, गिअरबॉक्स गेल्यात जमा आहे. त्यांनी मान डोलावली आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "अहो, मग आपण फक्त ऑइल बदलून द्या. गाडी विकायचीच आहे. ऑइल बदलणं हा काही गुन्हा नाही ना?"

इतक्या स्वच्छ मराठीचीही शिसारी येऊ शकते, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांना हेही सांगितलं, की जळक्या प्लेटांची भुकटी जुन्या ऑइलात असते तोवर त्या कशाबशा पकड धरतात. नव्या ऑइलवर गाडी चार दिवस लोण्यासारखी चालेल आणि मग चढावर घसरायला लागेल. ते म्हणाले, चार दिवस पुष्कळ झाले. आणि मी ऑइल बदललं. त्यांच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या माझ्याकडे येतात. शिवाय मला गोड बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मीही गोडच बोलतो ना.

काल ते घेणाऱ्या बाईंना घेऊन आले. कॉलेजात शिकवतात, चाळिशीच्या असतील. डावा पाय लहानपणापासून निकामी, म्हणून क्लचचं पेडल नसलेली गाडी हवी. "आयुष्यभर बसमध्ये अपंगांच्या सीटवर बसले," त्या हसत म्हणाल्या, "आता जरा मालकिणीच्या सीटवर बसते." चक्कर मारायला निघालो. त्या चालवत होत्या, मी शेजारी, साहेब मागे बसून रस्त्यांवरच्या खड्ड्यांना नावं ठेवत होते. चढावर दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर मोकळंच कण्हलं आणि मग पकडलं. पापणी लवते ना, तेवढंच. बाईंना ते ऐकू आलं नाही. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाईंनी गाडी कडेला घेतली आणि माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही सांगा. यांना काय, विकायचीच आहे. ऑइल वगैरे कसं आहे आतलं?"

"ऑइल चांगलं आहे मॅडम," मी म्हणालो.

"झालं तर मग. तुम्ही म्हणताय ना."

मागून साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मऊ, कोमट हात. वस्ताद, मी आयुष्यभर काळ्या ऑइलात हात घातले, पण असा घाणेरडा स्पर्श कधी झाला नव्हता. आणि मी खांदा हलवलाही नाही.

उद्या सकाळी दहाला त्या गाडी न्यायला येणार आहेत. रोज त्यांना घाट चढून पलीकडच्या कॉलेजात जायचं आहे. त्यांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे. गाडी घेऊ नका, ऑइल गेल्याच आठवड्यात बदललंय, ते मीच बदललंय, एवढंच सांगायचं आहे. सकाळपासून दोनदा नंबर काढला आणि दोनदा मोबाइल पालथा घातला.

हे पत्र कुठेही पोचणार नाही, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. म्हणून तर फोन सोडून हे लिहायला घेतलं.