चहाच्या किटलीतला गाळ

डेरिक,

तुझ्या आईंना घेऊन मी इस्पितळात चाललेय. घाबरू नकोस, तोंड चालू आहे त्यांचं.

खोली गरम करणारा रेडिएटर धुताना निघालेला तो काळा, कुजकट गाळ तू माझ्या चहाच्या किटलीत धरलास, कारण तीच त्याच्या नळाखाली मावली! आणि किटली तशीच टेबलावर ठेवून दुकानात गेलास. शी! आईंना वाटलं, सकाळचा चहा उरलाय. उकळतं पाणी आणि दूध घालून प्यायल्या.

आता मुकाट्याने प्लंबरला बोलाव. किटली धुऊ नकोस, फेकून दे.

आणि हो, अर्धा कप संपवून आई मला म्हणाल्या, "अगं, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुला चहा जमला."

मॉरीन